पुढचं पान

शिवदासांनी डाव्या हाताच्या बोटाने टॅबचा पडदा वर सरकवला आणि पुस्तक सुसाट सुटलं. ओळींमागून ओळी पळाल्या. थांबल्या तेव्हा मघाशी लग्नाला निघालेल्या माणसाचं तेरावं चाललं होतं.

त्यांनी बोट खाली ओढलं. पुस्तक उलटं धावलं आणि थेट मुखपृष्ठावर जाऊन आदळलं.

"पान!" ते ओरडले.

अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात मांडीवर नुसता पडून असे, आणि जिभेवर एखाददुसराच शब्द धड येई. कालपर्यंत पडद्याच्या कडेला बोट टेकवलं की एक पान उलटायचं. थरथरत्या हाताला तेवढं जमायचं. पण आज सकाळी पनवेलहून मुलगा आला, सुजित. "बाबा, आता स्क्रोल करायचं. एकदम इझी," म्हणत त्याने आत काहीतरी बदलून ठेवलं. आयुष्यभर माणगावच्या रस्त्याला एसटी चालवलेला माणूस, आणि आता साधं एक पुस्तक हाताखाली थांबेना.

गोदू चुलीपुढून उठून आली. "आवो, पान बंद सांगितलंय न्हवं डाक्टरांनी?"

शिवदासांनी जोरजोरात मान हलवली. टॅबवर बोट आपटलं. "पान!"

"आई, दे ना अर्धं," मोबाइलमधून डोकं न काढता सुजित म्हणाला. "सुपारी नको घालू, झालं."

शिवदासांच्या मस्तकात तिडीक गेली. खाटेवर सकाळचा पेपर पडला होता. तो त्यांनी ओढला आणि गोदूच्या नाकासमोर त्याचं पान उलटलं. फर्र. आणखी एक. फर्र. तिसरं फाटलंच.

गोदूने फाटक्या पानाकडे बघितलं, मग टॅबकडे, आणि ती मुलाकडे वळली.

"आरं, त्यांना पान उलटायचंय. तुझी ती घसरगुंडी काढ आधी."

"एकच गं ते. स्क्रोल केलं तरी पुढचंच येतं."

"येतं कुठं? पळतं! तुझा बापूस कवापासनं त्याच्या मागं धावतोय, दिसत न्हाय तुला?"

सुजितने सुस्कारा टाकत टॅब घेतला, दोनदा इकडेतिकडे दाबलं आणि परत वडिलांच्या मांडीवर ठेवला. "कुठपर्यंत आलेलात? आणा, शोधून देतो."

शिवदासांनी त्याचा हात बाजूला सारला. मुखपृष्ठाच्या कडेला बोट टेकवलं. पान उलटलं. पुन्हा टेकवलं. एकेक करत ते पुढे निघाले. भात करपल्याचा वास आला तशी गोदू आत पळाली, आणि बाहेर आली तेव्हा त्यांचं बोट एका पानावर येऊन थांबलं होतं. बराच वेळ ते हललं नाही.

"अडकलं काय?" सुजितने हात पुढे केला. "उलटू?"

"थांब," शिवदास म्हणाले. "वाचतोय."