बधिर पाय

"डोळे मिटा. टोचलं की 'हो' म्हणायचं," टाचणी उचलत डॉक्टर म्हणाले.

माजी सैनिक तपासणीच्या टेबलावर मान एका बाजूला वळवून पालथा पडला होता. पाठीचा दावा पेन्शन मंडळाने फेटाळला होता, अर्धशिशीचाही. आता अपंगत्वाच्या पेन्शनची सगळी भिस्त या डाव्या पायावर होती. तो बधिर ठरला तर पेन्शन, नाहीतर घरचा रस्ता. डॉक्टरांनी असे बधिर पाय पुष्कळ पाहिले होते. तपासणीची तारीख लागली की बधिर होणारे.

त्यांनी टाचेत टाचणी टोचली.

"हो."

"सापडलात की काका!" डॉक्टर खूश झाले.

"मी कुठं बोललो?" सैनिक म्हणाला.

"ह्यांनी तोंडही उघडलं नाही," कोपऱ्यातल्या स्टुलावरून त्याची बायको म्हणाली.

आवाज खोलीतल्या मधल्या पडद्यामागून आला होता. कंपाउंडरचा चावटपणा असणार. डॉक्टरांनी तणतणत जाऊन पडदा सारला. पलीकडे नुसती रिकामी खाट. चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती.

पडदा तसाच उघडा ठेवून त्यांनी पुन्हा टोचलं, या वेळी सैनिकाच्या ओठांवर नजर ठेवून. ओठ मिटलेलेच राहिले.

"हो." पोरसवदा आवाज, थकलेला. खाटेकडून आलेला.

डॉक्टरांच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि भीती वाटली म्हणून रागही आला. त्यांनी रक्त येईस्तोवर टाचणी खुपसली. सैनिक ढिम्म. रिकाम्या खाटेवर कुणीतरी कळवळून कण्हू लागलं.

"घरी हीटरला पाय चिकटला तेव्हाही असंच झालं," बायको हळूच म्हणाली. "ह्यांना पत्ताच नाही. ओरडलं ते दुसरंच कुणीतरी."

"फौजेत गाडी उलटली तेव्हा मी आणि एक पोरगेला जवान खाली सापडलो होतो," सैनिक उशीत तोंड घालून म्हणाला. "मला बाहेर ओढलं. माझ्याखाली होता, तो राहिला. डॉक्टर, पेन्शन राहू द्या. पाय धडधाकट आहे म्हणून लिहा हवं तर. पण आता टोचू नका. त्याला लागतं."

बायकोने चमकून नवऱ्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी टाचणी ट्रेमध्ये ठेवली. 'पाय पूर्ण बधिर' असं लिहून खाली सही केली. टाचेवरचा रक्ताचा थेंब कापसाने टिपला. मग लहान मुलाला लागल्यावर घालतात तशी टाचेवर हळूच फुंकर घातली.

रिकाम्या खाटेवरचं कण्हणं थांबलं.