शाळेतर्फे कोण?

"आधी खाली बस," बाई म्हणाल्या. "आरडाओरडा करून आजवर कुणाचं भलं झालंय?"

वर्गात जिला सगळे फटाकडी म्हणत ती बसली, पण अशी की बाक कुरकुरला.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मोठ्या रस्त्यावर कोंडी होते म्हणून मालट्रक शाळेच्या गल्लीतून सोडायचा घाट घातला जात होता. गल्लीला पदपथ नाही. सुटीची घंटा झाली की लहान वर्गांतली पोरं दावं तुटलेल्या वासरांसारखी तिथेच उधळतात. फटाकडीची धाकटी बहीण त्यांतलीच, दुसरीतली. मागच्या महिन्यात चुकून शिरलेला एकच ट्रक तिच्या दप्तराला घासून गेला होता. दप्तर फाटलं, पोरगी वाचली.

"सुनावणीत मी बोलणार," फटाकडी म्हणाली. "त्या साहेबाला तोंडावर विचारणार, तुमची पोरं जातात का हो या गल्लीतून?"

"आणि तो तुला बाहेर काढणार. मग?"

शेवटच्या वर्षाच्या या वर्गाला बाई जीवनकौशल्यं आणि नागरिकत्व शिकवत. पोरांनी त्यांचं नावच नागरिकबाई ठेवलं होतं. त्यांच्या विषयाला शाळेत कुणी हिंग लावून विचारत नसे. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर त्यांचा तास खुशाल उचलून न्यायचे आणि वर म्हणायचे, "तुमचं काय बाई, नमस्कार करायला काय, मीपण शिकवीन." बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण त्या हसून बाजूला व्हायच्या. राग गिळता येणं हे पहिलं जीवनकौशल्य, असं त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या.

आता मात्र खरा प्रसंग आला होता. रहदारी खात्याने लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, आणि शाळेतर्फे एकालाच बोलायची मुभा होती. कोण बोलणार, यावर बाईंनी रीतसर मतदान घेतलं. जवळजवळ सगळे हात फटाकडीसाठी वर गेले.

बाईंनी हात पाहिले, जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "शाळेतर्फे मी बोलेन."

"मग मतं कशाला घेतलीत?" फटाकडीने विचारलं.

"हे बघ, तू अशी बोलतेस ना, म्हणूनच मी बोलणार."

फटाकडीने मान खाली घातली. तिचे कान लालबुंद झाले होते.

सुनावणीच्या दिवशी बाई वर्गाला घेऊन वेळेआधीच पोचल्या. सभागृहात वाहतूकदारांना पुढच्या रांगेत खुर्च्या होत्या, चहा होता. शाळेला भिंत होती. साहेब मोठा गोडबोल्या माणूस. "प्रत्येकाने एकदाच बोलायचं," त्याने सुरुवातीलाच सांगितलं. "जसं बोलाल तसंच लिहून घेतलं जाईल. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही."

"ऐकलंत?" बाई पोरांच्या कानात म्हणाल्या. "याला म्हणतात पद्धत."

वाहतूकदारांचा पुढारी बोलायला लागला तो थांबेचना. ट्रक अडले तर गावाच्या चुली थंड पडतील, इथपर्यंत त्याची गाडी पोचली. साहेब माना डोलावत होता. मग जेवणाची सुटी झाली. मग कुणीतरी पाहुणे आले, त्यांचं आगतस्वागत झालं. भिंतीला टेकलेल्या पोरांचे पाय भरून आले. बाईंच्या डोक्यात भाषण तयार होतं, आणि त्यातलं एकेक वाक्य आता कढईतल्या तेलासारखं तापत होतं. फाटक्या दप्तरापासून सुरुवात करायची आणि या माणसाला लाज वाटेपर्यंत थांबायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"शाळेतर्फे कोण?"

"मी." बाई पुढे झाल्या. त्यांच्या हातात माईक आला.

"माफ करा हं बाई," साहेब अगदी मनापासून म्हणाला. "सकाळपासून तुम्हाला उभं ठेवलंय. साधी खुर्चीही देता आली नाही."

बाईंना तो माईक त्याच्या टेबलावर आदळावासा वाटला. पण पहिलं वाक्य नेहमी नम्र असावं, हे त्यांनीच वर्गाकडून घोटून घेतलं होतं. त्यांनी राग गिळला.

"काही हरकत नाही," त्या म्हणाल्या.

"बाई!" मागून फटाकडी किंचाळली. "थांबू नका! बोला, लगेच बोला!"

सगळ्या सभागृहाने माना वळवल्या. पुढच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. त्यांनी माईक टेबलावर ठेवला आणि ताडताड मागे गेल्या.

"हेच शिकवलं का मी तुला? चारचौघांत माझी लाज काढतेस?"

"अहो बाई, तो माणूस..."

"एक अक्षर नको. बाहेर हो!"

फटाकडीचे डोळे रागाने भरून आले. ती दार आपटून निघून गेली.

बाई परत फिरल्या तेव्हा माईक दुकानदारांच्या माणसाच्या हातात होता. मध्येच तोंड घालणं बरं दिसलं नसतं. त्याचं होईपर्यंत त्या शांतपणे उभ्या राहिल्या. त्याचं झालं, आणि साहेब आवराआवर करू लागला.

"साहेब, शाळेचं राहिलंय."

"राहिलं कसं? तुमचं बोलून झालं की."

"मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही!" बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"रागावू नका बाई," साहेब तितक्याच गोडीने म्हणाला आणि कारकुनाकडे वळला. "गल्लीतून ट्रक सोडण्याबद्दल शाळेचं म्हणणं काय लिहिलंय, वाचा बरं. मोठ्याने वाचा."

कारकून उठला. त्याने घसा खाकरला.

"काही हरकत नाही."