चोराच्या मनात बोंबा

"हात झडोत मेल्याचे."

तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत लिफ्टवाला दुसऱ्याच कोणाचे तरी ओले कपडे मशीनमधून बाहेर काढत होता, तेव्हा हे वाक्य त्याच्या पाठीत बसलं. तोंडातल्या तोंडात म्हटलेलं, समोरच्याला ओ की ठो कळणार नाही अशा खात्रीने. त्याच्या हातात उशीचा अभ्रा होता. तो त्याने छातीशी धरला.

परदेशात आल्यापासून त्याला कोणी मेला म्हटलं नव्हतं.

तो दिवसभर शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी या इमारतीत राहायचा. इथे भांडण मिळत नसे. त्याने प्रयत्न केले होते. सायकल दारात आडवी लावून पाहिली. लोक वळसा घालून गेले, वर त्यालाच 'माफ करा' म्हणाले. एकदा एका गृहस्थाच्या पायावर त्याचा बूट पडला, तर त्या गृहस्थाने आपला पाय तिथे असल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. असल्या हवेत राहून व्हायचं तेच झालं. मागच्या रविवारी फोनवर थोरली बहीण म्हणाली, "काय रे, जिवंत आहेस की सुटलो आम्ही?" आणि हा म्हणाला, "धन्यवाद, मी ठीक आहे." बहिणीने घाबरून आईला हाक मारली. मग आईने फोन घेतला आणि दबक्या आवाजात विचारलं, "बाळा, तुला तिथे कोणी काही चारलं-बिरलं नाही ना?"

तेव्हापासून त्याने धास्ती घेतली होती. जीभ राहिलीय की गेली, हे एकट्याला तपासता येत नाही. समोर माणूस लागतं.

तो वळला. पन्नाशीची बाई, पायात नर्सचे पांढरे बूट, हातात रिकामी बादली.

"माफ करा," तो इथल्या भाषेत म्हणाला. सवयीने. मग घाईघाईने घरच्या भाषेत, "मेला कोणाला म्हणता, काकू?"

बाईचा चेहरा एकदम मऊ पडला. लिफ्टवाला घाबरला. आता ही विचारणार, कुठला रे तू, कोणाचा, जेवलास का. मग संपलंच सगळं. पण बाईने स्वतःला सावरलं.

"काकू कोणाला म्हणतोस? तुझ्या काकाशी लग्न लावलंय का मी?"

"लावलं असतं तर काका बिचारा बोलला असता."

जमलं. जरा लंगडत आलं, पण आलं. त्याचे कान तापले.

"वर तोंड करून बोलतोय. माझे पांढरे कपडे त्या ग्रीसच्या पँटशेजारी टाकलेस. शिंगं फुटलीत का तुला?"

आता मोठं काहीतरी हवं होतं. त्याने छाती भरून श्वास घेतला.

"चोराच्या मनात बोंबा," तो गरजला.

बाईने बादली खाली ठेवली.

"काय म्हणालास?"

"चोराच्या... मनात..."

"मनात चांदणं असतं. बोंबा उलट्या असतात." बाईने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "आणि दोन्ही इथे लागू नाहीत, कारण चोर तू आहेस. पार गंजलायस रे."

"माफ क..."

"खबरदार. माफीबिफी वर आपापल्या मजल्यावर. इथे नाही. मी परत म्हणते, नीट ऐक. शिंगं फुटलीत का तुला?"

त्याने डोळे मिटले. उघडले.

"फुटलीत. टोचली वाटतं?"

बाईने परीक्षकासारखी मान डोलावली. मग मात्र चांगलंच पेटलं. ती म्हणाली, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तो म्हणाला, जिभेला हाड नसतं, नर्स असून एवढंही माहीत नाही? ती म्हणाली, आलाय मोठा उंटावरचा शहाणा. तो म्हणाला, उंटही बंद पडला की मलाच बोलावतात. पुढचं सांगता येणार नाही, कारण पुढे दोघं एकाच वेळी बोलत होते. कोणी कोणाचं संपायची वाट बघत नव्हतं. लिफ्टवाल्याला घाम फुटला होता आणि इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"तुझ्या बापाने तुला..." बाईने सुरुवात केली आणि दार उघडलं.

शेजारी होता, कपड्यांची टोपली घेऊन. त्याने दोघांकडे पाहिलं, पांढराफटक पडला आणि इथल्या भाषेत विचारलं, कोणाला मदतीला बोलावू का?

"नको, नको, आभारी आहोत," दोघं एका सुरात, गोड हसून म्हणाले. शेजाऱ्याने मध्ये आल्याबद्दल माफी मागितली, येण्याआधी दार न वाजवल्याबद्दल वेगळी मागितली, आणि दार हळूच ओढून घेतलं.

खोली गार पडली. दोघांच्याही चेहऱ्यावरचं ते हसू निघता निघेना.

बाई उठली. बादली सरळ केली, धुतलेले कपडे तिच्यात भरले आणि दाराकडे गेली. लिफ्टवाल्याला तिला थांबवायचं होतं. तोंडाशी जे येत होतं ते सगळं सभ्य होतं, म्हणून त्याने तोंड गच्च मिटून घेतलं.

दाराशी ती थांबली. तिने बादलीत बघितलं. एक अभ्रा उचलून उजेडात धरला. तो स्वच्छ होता. मग ती माघारी आली, सगळे कपडे पुन्हा मशीनमध्ये कोंबले, झाकण लावलं, बटण दाबलं आणि बादली पालथी घालून बसली.

"हं. कुठपर्यंत आलो होतो आपण?"

लिफ्टवाल्याने बाह्या सरसावल्या आणि तिच्या समोर जमिनीवर मांडी ठोकली.

"माझ्या बापापर्यंत."