माकडांची खिडकी

"पुन्हा हीच?" शाळेच्या बाईंनी मुलीला आत आणलं, तेव्हा मी विचारलं.

"काय करणार सर, वाचताच येत नाही तिला."

दिल्लीतल्या या निर्वासित मुलांच्या शाळेत कुणाला किती हिंदी वाचता येतं, ते तपासून इयत्ता ठरवायला संस्थेने मला पुण्याहून पाठवलं होतं. अडखळेल त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायचं, असा नियम. काबूलची गुलालई रोज अडखळायची.

आजही ती 'कमल'पाशी थांबली. मग एकदम माझ्या मागे बोट दाखवत ओरडली, "सर, खिडकी! 'खिडकी बंद ठेवा, माकडं आत येतात.'"

मी वळून पाहिलं. खिडकी सताड उघडी होती आणि तिच्यावरची हिंदी पाटी या मुलीने एका दमात वाचली होती.

"मग माझ्यापुढे का चुकतेस गं?"

"चुकलं की तुम्ही उद्या परत बोलावता," ती मान खाली घालून म्हणाली. "बाबा येतात तेव्हा मी झोपलेली असते. माझं ऐकायला कुणी नसतं."

लॉजवर 'चहा आणू का?' याखेरीज माझ्याशीही कुणी बोलत नव्हतं. तिने उद्याही यावं, असं मलाही वाटत होतं. पण मग तिला पहिलीतच बसावं लागलं असतं. मी 'उत्तम वाचते' असं लिहिलं आणि तिला जायला सांगितलं.

जाताना ती बाहेरच्या भिंतीवरच्या पाट्या मोठ्याने वाचत गेली. पिण्याचे पाणी. चपला बाहेर काढा. मुख्याध्यापक. तिचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत मी पुढच्या मुलाला हाक मारली नाही.