थंडीतला मासा

ताप उतरून चार दिवस झाले, तरी दोन वर्षांची रिद्धी काही खात नव्हती. विनिता मऊ भाताची वाटी घेऊन घरभर तिच्यामागे फिरत होती आणि दर घासाला पोर ओठ घट्ट मिटत होती.

ओटीवर सासरे, कमळाकर, गाढी नदीवर मासे धरायला जायच्या तयारीत होते. कणकेत लसूण ठेचून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या वळत होते.

“बाबा, एवढ्याशा गोळीला कुठला मासा येणार?” ती वैतागून म्हणाली.

“थंडीत मासा सुस्त असतो गो. मोठा गोळा बगितला का तोंड फिरवतो. बारीक लावायचा आनि गप बसायचं. सारखी काठी हलवली तर नाय येत.”

विनिता थबकली. पोरीच्या हाती लागू नये म्हणून तिने ओटीवरची गळांची डबी आधी वर फळीवर ठेवली. मग भाताच्या बारीक गोळ्या करून वाटी रिद्धीजवळ जमिनीवर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून गळाच्या दोरीचा गुंता सोडवत बसली.

बऱ्याच वेळाने मागे वाटी वाजली. ती मान वळवणार, इतक्यात कमळाकर पुटपुटले, “हलू नको.”

त्यांची गळाची काठी अजून भिंतीलाच टेकलेली होती.