तीनदा सांगा

उडती तबकडी पाहिलेल्या माणसाला मी हकिगत तीनदा सांगायला लावते. खऱ्या माणसाचं दरवेळी थोडं मागेपुढे होतं. थापाड्याला सगळं पाठ असतं. घड्याळं दुरुस्त करणारे काका, मी मध्येच उलटसुलट प्रश्न विचारूनही, तिन्ही वेळा शब्दानंही चुकले नाहीत. “गच्चीत दोरीवरचे कपडे काढत होतो. चकती आली, थांबली, गेली.” सुस्कारासुद्धा त्याच जागी. मी फॉर्मवर ‘बनाव’ लिहिलं आणि रेकॉर्डर बंद केला. “इतकं पाठ कसं हो, काका?” मी खोचकपणे विचारलं. ते ओशाळले. “सगळ्यांनी वेड्यात काढलं. पोरं म्हणाली, बाबा, आता पुरे. ऐकणारी एकटी आमची ही. ती गेल्यापासून रोज दुपारी तिच्या खुर्चीला सांगतो. अकरा वर्षं झाली.” मी बसले होते त्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं. “आज पहिल्यांदाच खुर्चीनं प्रश्न विचारले. अजून एकदा सांगू?”