वाडव

"म्हणजे होडी बांधून दिलेलो सुतार आता दर माशामागे पैसे मागता," रविकांत म्हणाले. "आणि तू देतलंस?"

किशोरी हसली. परदेशी कंपनीच्या नव्या अटी ती आणि तिची जोडीदार नम्रता गेले काही दिवस परत परत वाचत होत्या. इतक्या थोडक्यात त्या कुणी मांडल्या नव्हत्या.

"होडी परत करूक येणा नाय, बाबांनू. सगळो खेळ तेंच्याच सॉफ्टवेअरवर उभो आसा."

मालवण बंदराजवळच्या त्यांच्या दुकानात दोर, जाळ्याचं सूत आणि इंजिनाचे पट्टे मिळत. त्याच दुकानात मागच्या बाजूला बसून किशोरीने फोनवरचा खेळ बनवला होता. रापणीचा खेळ. अनोळखी माणसांनी आपापल्या घरातून दोर धरायचा आणि सगळ्यांनी मिळून एकच जाळं किनाऱ्यावर ओढायचं. चित्रं कुडाळच्या नम्रताची. खेळ फुकट होता. ज्यांना आवडे ते आपखुशीने काही देत. चार वर्षांनी आता कुठे तो चालायला लागला होता. दोर घ्यायला आलेले रापणकर चिडवत, खऱ्या रापणीपेक्षा किशूच्या रापणीत मासळी बरी गावता.

आता प्रत्येक नव्या फोनमागे कंपनीला पैसे द्यायचे होते. खेळ जितका पसरेल तितकं देणं वाढणार. अटी मान्य करायच्या, नाहीतर खेळ उतरवायचा.

संध्याकाळ झाली होती. समोर मासळी विकायला बसणारी तुळसा पाटी आवरत होती. हवेत पान हलत नव्हतं. रविकांत दोराच्या गुंडाळीला टेकून उभे होते. उकाड्याने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"मग काय करू मी?" पायरीवर बसलेल्या किशोरीने लॅपटॉपवरून नजर न काढता विचारलं.

ते बराच वेळ बोलले नाहीत. विचार करत असावेत, असं तिला वाटलं.

"वाडव गो, किशू."

"नक्की?"

"वाडव, म्हणतंय मा."

"बरां," ती म्हणाली, आणि पुन्हा अटी वाचू लागली. काही वेळाने शटर खाली आल्याचा आवाज झाला. दोघं घरी गेली. रविकांत थोडीशी पेज जेवून लवकर झोपले.

सकाळी आईने चहाला हाक मारली तेव्हा ते उठले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर किशोरीने खेळ उतरवला. बाबांच्या तोंडी 'बंद' हा शब्द कधी आला नव्हता. दुकान वाढवायचं, फुटलेली बांगडी वाढवायची. तसाच खेळही वाढवायचा. त्यांनी तिला शेवटचं सांगितलं ते एवढंच होतं, आणि तिने ते ऐकलं होतं. त्या दिवसांत तिला एवढाच आधार होता.

खेळणाऱ्यांची पत्रं आली. साताऱ्याच्या एका बाईंनी लिहिलं, आमची रात्रपाळीची मंडळी एकत्र ओढायची, आता चुकल्यासारखं होतं. किशोरीने सगळ्यांना सारखंच, सभ्य उत्तर दिलं.

पावसाळा सरला आणि होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. जगभरच्या खेळ करणाऱ्यांनी ओरड केल्यावर कंपनीने माघार घेतली. नव्या फोनमागचं देणं रद्द झालं. नम्रता त्याच दुपारी कुडाळहून येऊन दुकानात उभी राहिली.

तिने सुरुवात हळू केली. मग तिचा आवाज चढत गेला. आता अडचण कसली, खेळ परत चढवणं एका दिवसाचं काम आहे, माझीही चार वर्षं आहेत त्यात. किशोरी सुताची रिळं लावत राहिली.

"तू दुःख करतेस की हट्ट, तेच मला कळेना झालंय," नम्रता शेवटी म्हणाली.

"बाबांनी सांगितलंय. दोनदा विचारलं मी त्यांना. दोन्ही वेळा 'वाडव' म्हणाले. मी ते मोडणार नाही."

पायरीवर सावलीला टेकलेल्या तुळसाने मान वळवली.

"कधी म्हणाले गो?"

"शेवटच्या संध्याकाळी. तू होतीस समोर."

"होतंय मा. म्हणान तर सांगतंय. ता दुकान गो, बाय. दुकान वाडव म्हणत होते ते तुका."

किशोरीच्या हातातलं रीळ तसंच राहिलं.

"शटराची आकडी तुज्याम्होरां धरून उभे रवलेले," तुळसा म्हणाली. "माका नवल वाटला. इतक्या वर्सांत तेंनी शटराक कोणाक हात लावूक दिल्यानी नाय. म्हटलंय, आज शेट किशूच्या, आपल्या चेडवाच्या हातान दुकान वाडवतत."

नम्रताचा चेहरा उजळला. तिने किशोरीचा दंड धरला. "म्हणजे खेळाबद्दल ते बोललेच नव्हते. किशू, ऐकतेस ना? खेळ बंद कर असं कुणी सांगितलंच नव्हतं तुला."

किशोरी तुळसाकडे बघत होती.

"मग शटर कोणी ओढलं?"

"तेंनीच. तू वाचत होतंस." तुळसाने पदराने तोंड पुसलं. "उजव्या हातान ओढल्यानी, कसातरी. डावो वर जायत नाय होतो."

नम्रताने हात सोडला. रस्त्यावरून बर्फाचा टेम्पो बंदराकडे गेला. किशोरी पुढे आली आणि दोराच्या गुंडाळीपाशी, जिथे ते टेकून उभे होते तिथे, थांबली.

"बाबांनू," ती म्हणाली, "खंय दुखता तुमका?"